तापीकाठी एक खोली विकणे आहे

"प्रकाशा येथे तापीकाठी, देवळांच्या शेजारी, नव्याने दुरुस्त केलेला छोटा स्टुडिओ फ्लॅट विकणे आहे. तिसरा मजला. नदी दिसते."

ही जाहिरात मी लिहिली. त्यातला 'स्टुडिओ' हा शब्द मात्र माझा नव्हे. मालकाच्या मुलीने तो नाशिकहून सुचवला आणि मला भारदस्त वाटला म्हणून मी ठेवला. झालं असं, की पहिलाच फोन आला तो खापरच्या एका फोटोग्राफरचा. "ताई, लाइटी सोबत देणार का?" मी म्हटलं, दोन ट्यूबलाइट आहेत. तरी तो बिचारा बघायला आला. खिडकीसमोर पाच मिनिटं उभा राहिला आणि म्हणाला, विकत नको, पण लग्नाआधीचे फोटो काढायला तासाभरासाठी देत असाल तर बघा.

दुसरे आले ते रनाळ्याचे एक शेतकरी. त्यांनी चार पावलांत खोली पालथी घातली आणि मला विचारलं, "ताई, बाकी घर कोठे शे?"

"इतकंच आहे, दादा."

"मंग याले स्टुडिओ कसाले म्हनतस?"

"एकाच खोलीत सगळं असलं की स्टुडिओ म्हणतात."

त्यांनी जरा विचार केला. "मंग मन्हा म्हशीस्ना गोठा बी स्टुडिओच शे," असं म्हणून ते शांतपणे जिना उतरले.

मी शहाद्यात जागा विकते. पंचवीसेक वर्षं हेच करते आहे. लोक दलाल म्हणतात, मला त्याचं वाईट वाटत नाही. लोकांना वाटतं, आमचं काम म्हणजे कुलूप उघडायचं, दिवा लावायचा आणि 'हवा छान येते' म्हणायचं. खरं काम त्याआधीचं. खेड्यातल्या गावठाणातल्या घराला शेतासारखा सात-बारा नसतो. ग्रामपंचायतीच्या वहीत, नमुना आठमध्ये, कोणाचं नाव आहे ते बघायचं. मग ते नाव जिवंत आहे का, त्याला भावंडं किती, त्यातलं कोण कोणाशी बोलत नाही, हे शोधायचं. घराच्या कोपऱ्यात नाक लावून ओल हुंगायची. सगळे नळ एकदम सोडून बघायचे. एकदा सकाळी आणि एकदा दुपारी त्या घरात उभं राहायचं, कारण घर दिवसातून दोनदा वेगळं असतं.

एक नियम मी पहिल्या वर्षीच स्वतःला घालून घेतला होता. विकायच्या घरात बसायचं नाही. गिऱ्हाईक बसलं तर बसू दे, आपण उभं राहायचं. बसलं की जागा आपल्याला काहीतरी सांगायला लागते आणि मग आपण तिचे होतो. शेकडो घरं दाखवली, कुठे टेकले नाही. प्रकाशाच्या त्या खोलीत हा नियम मोडला. त्याचीच ही हकीकत आहे.

खोली हिरालालबापूंची होती. बापू सरकारी खात्यात नदीचं पाणी मोजायचे. नदीकाठी आकडे रंगवलेली उभी पट्टी असते. रोज ठरल्या वेळी तिथे जायचं, पाणी कोणत्या आकड्याला टेकलंय ते बघायचं आणि वहीत लिहायचं. पूर असो, लग्न असो, सुट्टी नाही. निवृत्त झाल्यावरही ते सकाळी घाटावर जाऊन पाणी बघून यायचे. बायको काशीबाई गेल्यावर खोलीत एकटेच राहत होते. मग एक दिवस जिन्यात पडले, खुब्याचं हाड मोडलं आणि त्यांची एकुलती एक मुलगी उज्ज्वला त्यांना नाशिकला घेऊन गेली. काठी धरून चालायला लागले, पण पुन्हा तिसऱ्या मजल्यावर एकटं ठेवायचं नाही, असं तिने ठरवलं. खोली नीट करून विकण्याचं काम माझ्यावर सोपवलं.

तेव्हा तिथे एक नव्हे, दोन अंधाऱ्या खोल्या होत्या. मधे भिंत, आणि नदीच्या बाजूला छताजवळ दोन छोटे झरोके. शहाद्याचे सलीम मिस्तरी बघायला आले. त्यांनी भिंतीवर हात फिरवला, झरोक्यातून वाकून बाहेर बघितलं आणि म्हणाले, "ताई, अंदर की दीवार निकालो और बाहर की दीवार में बड़ी खिड़की डालो. बाकी कुछ मत करो." मी उज्ज्वलाला फोन केला. ती हो म्हणाली.

ज्या दिवशी खिडकीची चौकट बसली, त्या दिवशी मी तिथे होते. मिस्तरींनी बाहेर बांधलेला ताडपत्रीचा पडदा काढला आणि खोलीत तापी आली. दुसरे शब्द मला सुचत नाहीत. खालच्या बंधाऱ्यामुळे पाणी काठोकाठ होतं. एका बाजूने गोमाई येऊन त्यात मिसळत होती. काळ्या दगडांची देवळं, घाटाच्या पायऱ्या, पलीकडच्या काठावरची केळी, सगळं एका चौकटीत. मिस्तरीही काही वेळ थापी हातात घेऊन उभे राहिले.

थंडीचे दिवस होते. दक्षिणेकडची खिडकी, त्यामुळे ऊन तिरपं होऊन पार आतल्या भिंतीपर्यंत यायचं. जाहिरातीनंतर मी गिऱ्हाइकांना घेऊन जाऊ लागले. एका दुपारी येणारे आलेच नाहीत. परतीच्या बसला दोन तास होते. मी दार लोटलं आणि नव्या लादीवर भिंतीला टेकून बसले.

वर बघितलं तर छतावर पाणी हलत होतं. नदीवरून उसळलेलं ऊन खिडकीतून छतावर गेलं होतं आणि तिथे त्याच्या रेघा होत होत्या, पुसल्या जात होत्या. खालून कपडे धुण्याचा आवाज येत होता, पण फार लांबून आल्यासारखा. देवळात कोणीतरी घंटा वाजवली. एक होडी खिडकीच्या एका कडेला दिसली आणि दुसऱ्या कडेला जायला तिने इतका वेळ घेतला, की मी मधेच झोपले असावे. जाग आली तेव्हा छतावरच्या रेघा भिंतीवर उतरल्या होत्या आणि बस गेली होती.

माझ्या घरी सात माणसं आहेत. चांगली आहेत. माहेरी आम्ही नऊ जण होतो. मी लोकांना इतक्या खोल्या मिळवून दिल्या, पण दार लावून घेता येईल अशी खोली मला स्वतःला कधी नव्हती आणि ती नसल्याचं त्या दुपारपर्यंत मला माहीतही नव्हतं.

मग मी पुन्हा गेले. कधी 'साफसफाई बघायची आहे' म्हणून, कधी 'नळ गळतो का बघते' म्हणून. चावी माझ्याच पर्समध्ये होती. आठवड्यातून दोनदा, मग तीनदा. धुकं असलं की पलीकडचा काठ नसायचाच. नुसतं पांढरं, आणि त्यात एखादा पक्षी काळ्या टिंबासारखा. मी सोबत चटई आणली, मग एक पेला, मग चहाची भुकटी. कोनाड्यात माझी शाल राहू लागली. मी तिथे काही करत नसे. बसत असे. कधी वाटायचं, मीच इथे जन्मभर राहिले आहे आणि शहाद्यातलं घर कोणीतरी मला दाखवायला नेणार आहे.

एकदा जेवताना मी यजमानांना सहज विचारलं, "प्रकाशाची ती खोली आपणच घेतली तर?"

"तिथे कोण राहणार?" ते म्हणाले.

प्रश्न सरळ होता. 'मी' एवढंच उत्तर द्यायचं होतं. मी त्यांच्या ताटात भाजी वाढली.

यानंतर मी जे केलं ते सांगायला लाज वाटते. सुरतेचं एक जोडपं आलं. दोघं नोकरीवाले, वर्षातून चार वेळा येऊन राहायचं म्हणाले. खोली त्यांना मनापासून आवडली. एरवी अशा गिऱ्हाइकाला मी दुसऱ्या दिवशी कागद दाखवले असते. मी म्हटलं, "जिना फार आहे हं. लिफ्ट नाही. माकडं येतात. जत्रेच्या दिवसांत आवाज असतो." सगळं खरं होतं. पण खऱ्या गोष्टी कोणत्या आणि किती वेळा सांगायच्या, यातच आमचा धंदा असतो. ते म्हणाले, तरी चालेल. मी म्हटलं, कागदांचं थोडं काम बाकी आहे, कळवते. कागदांचं काहीच बाकी नव्हतं. मी कळवलं नाही. धुळ्याच्या एका निवृत्त गुरुजींनाही असंच परत पाठवलं. स्वतःशी म्हणायचे, योग्य माणूस मिळायला हवा, घाई कशाला.

फाल्गुनात उज्ज्वलाचा फोन आला.

"ताई, खरं सांगा, खोलीत काही दोष आहे का?"

"नाही हो. का?"

"बापू रोज सकाळी विचारतात, खोली गई का? मी नाही म्हटलं की म्हणतात, मंग मी जास आते मन्हा घर. इतके महिने झाले, त्यांनी कपडे कपाटात ठेवलेले नाहीत. पिशवीतून काढतात, घालतात, धुऊन परत पिशवीत ठेवतात. म्हणतात, खोली तिथं आहे तोवर मी इथं पाहुणा." मग म्हणाली, "काल ते कोणाला न सांगता निघून गेले. तीन तास शोधत होतो. बसस्टँडवर सापडले. पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. शहाद्याची बस कुठे लागते ते आठवेना म्हणाले, म्हणून एखादी लागेल तेव्हा बघू असं ठरवून बसून राहिले होते."

मी हा फोन त्याच खोलीत, चटईवर बसून घेतला होता.

फोन ठेवल्यावर मी पेला धुतला. चटई गुंडाळली. शाल घडी करून पिशवीत टाकली. मी माझ्या दुपारी लांबवत होते आणि तिकडे एक म्हातारा माणूस उंबऱ्यावर उभा होता, ना आत ना बाहेर. इतक्या वर्षांत मी कोणाचं नुकसान केलं नाही, असं मी अभिमानाने सांगत आले होते. त्या दिवसानंतर ते वाक्य म्हणता येईना.

सुरतेच्या जोडप्याला फोन लावणार होते. त्याआधीच नवापूरकडून एक फोन आला. "मी रूथ गावित. नर्स होते, निवृत्त झाले. खोली बघायला सोमवारी येऊ का?"

रूथसिस्टर एसटीने एकट्या आल्या. साठीच्या, ठेंगण्या, केस पांढरे आणि घट्ट बांधलेले, हातात छत्री आणि डबा. बाकी सगळे आल्या आल्या खिडकीकडे धावायचे. यांनी आधी न्हाणीघर बघितलं, मग दाराची कडी आतून लावून बघितली, मग विजेचे खटके. सगळं झाल्यावर त्या जमिनीवर, बरोबर मी टेकून बसायचे त्या भिंतीला टेकून बसल्या. मग त्यांनी वर बघितलं.

"ताई, हे तुम्हाला कोणी सांगितलं का?" त्या म्हणाल्या. "या छतावर पाणी हलतं."

इतक्या लोकांत कोणी वर बघितलं नव्हतं. मला त्याच वेळी कळलं की खोली गेली.

त्यांची सगळी नोकरी सरकारी क्वार्टरमध्ये गेली होती. मोलगी गावात पत्र्याखाली, नंतर कुठे कुठे. लग्न केलं नाही. डोंगरातली शेती भावांकडे. "प्रत्येक क्वार्टरमध्ये भिंतीला खिळा मारायचा तरी परवानगी लागायची," त्या म्हणाल्या. "मला कोणालाही न विचारता एक खिळा मारायचा आहे."

मग त्यांनी डबा बाजूला ठेवला. "एक मात्र तुम्ही खाली सांगून या. मी ख्रिस्ती आहे. एकटी राहणार. आणि मासे खाते. नदीकाठी राहून मासे न खाणं मला जमायचं नाही. नंतर कळून कटकट होण्यापेक्षा आधी कळू दे."

खाली म्हणजे दुसऱ्या मजल्यावर दमयंतीबेनकडे. इमारतीत सहा बिऱ्हाडं, पण शब्द त्यांचाच चालायचा. त्यांनी मला बसवलं, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं.

"बाई एकली ऱ्हाई, त्यानं काही नही. कोन्ही बी देवले मानो, त्यानं बी नही," त्या म्हणाल्या. "पन मच्छी नको. देवस्थाननं गाव शे हाई. बठास्ना वतीथून सांगस मी." म्हणजे सगळ्या बिऱ्हाडांच्या वतीने.

अशा वेळी दलाल काय करतो ते मला चांगलं ठाऊक आहे, कारण मी ते केलेलं आहे. घेणाऱ्याला फोन करायचा आणि म्हणायचं, मालकाचा विचार बदलला. कोणालाच वाईट वाटत नाही, असं आम्ही समजतो. काही वर्षांपूर्वी एका कुटुंबाला मी असंच सांगितलं होतं. नवरा 'बरं' म्हणाला. बायको माझ्याकडे बघत राहिली. तिला सगळं समजलं होतं. तिचा चेहरा मला आजही ओळखता येईल.

या वेळी मी वर जाऊन रूथसिस्टरांना जे झालं ते तसंच सांगितलं. त्यांनी मान हलवली, जणू तापमापक बघून आकडा लिहून घेतला. "मग मालकांना विचारा. खोली त्यांची आहे."

आठ दिवसांनी उज्ज्वला बापूंना घेऊन आली. खरेदीखतावर सही करायची तर त्यांना यावंच लागणार होतं, पण त्यांनी अट घातली होती की आधी खोली बघेन, मग सही. मी रूथसिस्टरांनाही बोलावलं होतं. बापू पूर्वीपेक्षा बारीक झाले होते. धोतर, टोपी, काठी. जिन्याशी येऊन त्यांनी वर बघितलं.

रूथसिस्टरांनी न सांगता त्यांचा दंड धरला. "दर वळणावर थांबायचं," त्या म्हणाल्या. पहिल्या वळणावर त्यांनी बापूंची नाडी बघितली. बापूंनी त्यांच्याकडे बघितलं.

"तुम्हीच खोली लेवावाल्या का?"

"हो."

"नाडी कशी शे?"

"खोलीपर्यंत पुरेल."

दुसऱ्या मजल्यावर दमयंतीबेन दारातच उभ्या होत्या. त्यांनी बापूंना खुर्ची दिली, तब्येत विचारली, डोळे पुसले. इतक्या वर्षांचा शेजार होता. मग पदर नीट करून म्हणाल्या, "बापू, तुम्ही खोली कोन्हाले बी द्या. पन या बाई मच्छी खातीस. जिनामा वास येई. तुम्हीच सांगा, कसं व्हई?"

बापू पाणी प्यायले. पेला खाली ठेवला.

"बेन, काशी व्हती तवय आम्ही दर बुधवारे मासा करूत. तीस वरीस. तुमले कधी वास उना का?"

दमयंतीबेन बघतच राहिल्या. "तुम्ही? तुम्ही कधी सांगं नही."

"तुम्ही कधी इचारं नही."

उज्ज्वला भिंतीकडे बघत होती, हसू आवरत असावी. दमयंतीबेननी बापूंचा पेला उचलला, आत गेल्या, परत बाहेर आल्या आणि रूथसिस्टरांना म्हणाल्या, "खिडकी उघाडी ठेवीसन करजो मंग."

वर गेल्यावर मी दार उघडलं. बापू उंबऱ्यावर थांबले. आपल्याच घरात येताना माणूस इतका बुजलेला मी बघितला नव्हता. "भिंत कोठे गई?" ते म्हणाले. मग दोन पावलं आत आले आणि त्यांना खिडकी दिसली.

ते कितीतरी वेळ उभे होते. उन्हाळा लागला होता, ऊन आता आत येत नव्हतं, पण नदी पांढरी झळकत होती. मग ते काठीच्या आधाराने हळूहळू खाली बसले. रूथसिस्टर पुढे झाल्या, तर त्यांनी हाताने थांबवलं.

"हाई खिडकी कोन्ही पाडी?"

"मी पाडून घेतली, बापू," उज्ज्वला म्हणाली. "मिस्तरी म्हणाले म्हणून. नको होती का?"

"काशी म्हने, आठे खिडकी पाडा." ते नदीकडेच बघत होते. "जवय घर लिदं तवयपासून म्हने. मी म्हनू, दिनभर पानीच देखस, घर ईसन बी पानीच देखू का? ती काही बोले नही. झरोकाखाल डबा ठेये, त्यावर उभी ऱ्हाईसन देखे."

उज्ज्वला त्यांच्याजवळ जाऊन बसली. तिलाही हे माहीत नव्हतं. ती म्हणाली, आई डब्यावर उभी असायची ते आठवतं, पण मला वाटायचं जाळी पुसते आहे. मी आणि रूथसिस्टर दाराशी उभ्या होतो. खाली घाटावर कोणीतरी कपडे आपटत होतं आणि तो आवाज पाण्यावरून थोडा उशिरा पोचत होता. मला वाटलं, या खोलीत आम्ही चौघं नाही, पाच जण आहोत.

बऱ्याच वेळाने बापू म्हणाले, "घाटन्या चार पायऱ्या उघड्या शेतस." आवाज एकदम नोकरीतला. मग मान वळवून रूथसिस्टरांना विचारलं, "सिस्टर, तुम्ही सकाळे कितला वाजता उठतस?"

"पाचला. सवय आहे."

"मंग मले फोन करजात. पानी कोनती पायरीवर शे, इतलंच सांगा."

"कशाला, बापू?" उज्ज्वला म्हणाली.

"लिखी ठेवसू."

रूथसिस्टर त्यांच्यासमोर बसल्या. "करीन. पण रोज करीन. तुम्हीही रोज उचलायचा."

"सुट्टी नही," बापू म्हणाले.

शहाद्याच्या नोंदणी कचेरीत सह्या झाल्या, अंगठे झाले, कॅमेऱ्यासमोर बसवून फोटो झाले. आमच्याकडे चावी देताना हातावर साखर ठेवतात. मी पर्समधून ती चावी काढली, बापूंच्या तळहातावर ठेवली, त्यांनी ती रूथसिस्टरांना दिली. पर्स त्या दिवशी फार हलकी लागली. घरी जाऊन मी ढीगभर गहू निवडले.

दुसऱ्या दिवशी उज्ज्वलाचा फोन आला. बापूंनी सकाळी उठून कपाटाचा एक कप्पा मागितला होता. टोप्या वर, धोतरं खाली, असं स्वतः लावलं. एक कोरी वही मागवून घेतली.

पहिले काही दिवस रूथसिस्टर खिडकीतून बघून सांगायच्या. "पाचवीच्या आसपास आहे." बापू तिकडून रागवायचे. आसपास म्हणजे काय? भिजलेली पायरी मोजायची की बुडालेली? मग त्या रोज घाटावर उतरून बघायला लागल्या. पहाटे छत्री घेऊन खाली जाणारी ही बाई कोण, म्हणून लोकांनी आधी चौकशी केली, मग नमस्कार केला, मग तिलाच विचारू लागले, सिस्टर, आज पानी कितलं शे? होडीवाले विचारतात, कपडे धुणाऱ्या बाया विचारतात. कोणाची साखर वाढलेली, कोणाचं बाळंतपण जवळ आलेलं, तेही तिथेच पायरीवर विचारून घेतात. पानीवाली सिस्टर, असं आता गावात त्यांचं नाव आहे.

एकदा मी त्यांना माझ्या दुपारींबद्दल सांगितलं. चटई, पेला, सुरतेचं जोडपं, सगळं. मला वाटलं, रागावतील. त्या म्हणाल्या, "मग आताही येत जा की. दोन ते चार मी झोपते. तुम्ही भिंतीला टेकून बसा. बोलायची गरज नाही." मी जाते. दर आठवड्याला नाही जमत, पण जाते. भिंतीवर एक खिळा आहे. त्याला अजून काही टांगलेलं नाही. विचारलं तर म्हणाल्या, नुसता बघायला बरा वाटतो.

उज्ज्वलाला मात्र मी अजून खरं सांगितलेलं नाही. तिच्या वडिलांचे ते महिने माझ्यामुळे लांबले. फोनवर दोनदा सुरुवात केली आणि विषय बदलला. हे छापून आलं की अंक तिला पाठवणार आहे. वाचून ती काय म्हणेल, माहीत नाही.

मागच्या महिन्यात मला प्रकाशात एक प्लॉट दाखवायचा होता, म्हणून सकाळच्या पहिल्या बसने गेले. गिऱ्हाईक यायला वेळ होता. वर जाऊन चहा घ्यावा म्हणून जिना चढले. रूथसिस्टर भाचीच्या लग्नाला नवापूरकडे गेल्या आहेत, हे मी साफ विसरले होते. पण दार उघडं होतं. आत दमयंतीबेन खिडकीशी खुर्ची टाकून बसल्या होत्या, एका कानाला फोन, दुसऱ्या कानावर हात. मला बघून त्यांनी गप्प राहायची खूण केली.

"हा बापू. सहावी. सहावी पायरी भिजेल शे. मी सोता खाले जाईसन देखं." मग थोडं ऐकून त्यांनी फोनवर तळवा ठेवला. "निर्मला, जरा देख ना. गोमाईनं पानी गढूळ शे का, इचारी ऱ्हायनात. मन्हा डोयास्ले इतलं लांबनं दिखत नही."

मी खिडकीशी गेले. कोवळं ऊन पाण्यावर नुकतं पडत होतं. दोन्ही नद्या मिळतात तिथपर्यंत नीट बघितलं.

"स्वच्छ आहे," मी म्हटलं. "सांगा त्यांना."